शेठच्या पोटाखालचा टॉवेल

मी टॉवेल बोलतोय. जरा लांबूनच ऐका, माझ्या अंगाला वास मारतो. रोज धुतात, तरी मारतो. चौदा वर्षांच्या कुत्र्याच्या पोटाखालून दिवसातून चारदा जाणाऱ्याला काय अत्तराचा वास येणार?

मागावरून उतरलो तेव्हा मी चांगला जाडजूड होतो. या घरात आलो तोही पाहुण्यांसाठी. सूनबाई मला कपाटातून काढायची, ती कोणी मोठं माणूस मुक्कामाला आलं तरच. मग अशाच एका मोठ्या माणसाने माझ्यावर केसांचा कलप पुसला आणि मी फरशीवर आलो. म्हटलं, याच्या खाली आता आणखी काय असणार.

होता ना, शेठ होता. शेठ म्हणजे घरातला कुत्रा. नाव पोटावरून पडलेलं. वर्षभरापूर्वी त्याचे मागचे पाय लटपटायला लागले. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी युक्ती शिकवली: टॉवेल पोटाखालून घ्यायचा, दोन्ही टोकं वर धरायची आणि मागचं अंग उचलून चालवायचं. जिना अकरा पायऱ्यांचा. निम्म्यावर त्याला धीर धरवत नाही, मग सगळं माझ्यावरच.

पण त्याचा मला राग नाही. म्हातारा आहे, साबणाने जातं ते. शिसारी येते ती या घरातल्या तीन माणसांची.

डॉक्टरबाई स्वच्छ म्हणाल्या होत्या, "वजन उतरलं नाही तर हे पाय राहणार नाहीत. मोजून जेवण द्या, वर काही नाही." तिघांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. फ्रिजवर जेवणाच्या मापाचा कागदही चिकटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरेबुवांनी चहात बुडवलेलं बिस्किट खाली सोडलं. "कोणाला सांगू नको हं, म्हाताऱ्या," म्हणाले आणि त्याचं तोंड माझ्याने पुसलं. दुपारी सूनबाईने सायीचं पातेलं चाटायला दिलं, मग मी. संध्याकाळी तिच्या नवऱ्याने शेठची पायांची गोळी चीजमध्ये घालून दिली. एक तुकडा गोळीच्या आधी, एक गोळीचा, एक गोळी घेतल्याचं बक्षीस. पुन्हा मीच. प्रत्येकाला वाटतं, चोरून देणारे आपण एकटेच.

महिन्याने काट्यावर शेठ दोन किलोने वाढलेला.

"कोणी वरचं काही देतं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे हो," सूनबाई म्हणाली. "कागदाप्रमाणेच चाललंय."

"वयाने अंग धरतं," सासरेबुवांनी ज्ञान दिलं. सूनबाईचा नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

मग आजार शोधायला रक्त काढलं. पुढच्या पायाचे केस भादरले. शीर सापडेना, तीनदा सुई खुपसली. शेठ ओरडला नाही, फक्त माझ्यात तोंड घालून थरथरत राहिला. तेवढ्यातही एकाच्याही तोंडून खरं निघालं नाही. माणसांइतकी घाण मी कशातच पाहिलेली नाही.

रक्तात काही निघालं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "महिनाभर बघू. पाय असेच राहिले तर त्याला कायमचं झोपवण्याचं बोलावं लागेल."

सूनबाई घरी येईपर्यंत रडत होती. आणि त्या संध्याकाळी काय झालं असेल? सासरेबुवांनी एकाऐवजी दोन बिस्किटं दिली. साय दिली, चीज दिलं. तिघांचं, तीन कोपऱ्यांत, एकच वाक्य: "बिचाऱ्याचे दिवस तरी किती राहिलेत."

आज सकाळी जिन्यात मी मधोमध फाटलो. शेठ दोन पायऱ्या घसरला, पोटावर बसला आणि शेपूट हलवत राहिला. त्याला वाटलं, चूक आपलीच.

माझं काय, मी आता पोतेऱ्यात जाईन. उद्या दुसरा टॉवेल काढतील, तोही फाटेल. शेठला वाचवायचं असेल तर तिघं एका खोलीत बसा आणि कोण काय देतं ते एकमेकांच्या तोंडावर सांगा. सासरेबुवा, सुरुवात तुम्ही करा. घरात मोठे तुम्ही.