प्रेशर कमी आहे

प्लंबरने उभ्या आयुष्यात तक्रार ऐकली ती एकच. बिल्डिंग कुठलीही असो, दार कुणीही उघडो, वाक्य ठरलेलं: "प्रेशर कमी आहे." त्याचं उत्तरही ठरलेलं. हत्यारांची पिशवी खाली ठेवत तो म्हणायचा, "वरच्या मजल्यावर एवढंच येतं." मग मुकाट्याने अर्ध्या इंचाचा पाइप काढून पाऊण इंची टाकायचा. पाइप जरा रुंद केला की पाणी कितीतरी पटीने वाढतं, या एका गोष्टीवर त्याचा सगळा संसार उभा होता.

बायकोने हे उत्तर कधीच पळवलं होतं. त्याने आणखी अर्धा कप चहा मागितला की ती किटली तिरपी करून दाखवायची. "वरच्या मजल्यावर एवढंच येतं."

मग तिला अर्धांगाचा झटका आला. हात-पाय हळूहळू वळणावर आले, पण घसा रुसून बसला. बोलणं एकेका शब्दावर आलं, आणि साधं पाणीही श्वासनलिकेत शिरून ठसका लागायला लागला. गिळायला शिकवणारी एक मॅडम घरी यायची. तिने सांगितलं, पाणी असो की चहा, पावडर घालून दाट करूनच द्यायचा. दाट चहाचा पहिला चमचा तोंडात गेला आणि बायकोने ओठ मिटले ते मिटलेच. जन्मभर चहावर जीव टाकलेल्या बाईपुढे खळ ठेवल्यावर ती दुसरं काय करणार?

मॅडमने प्लंबरला बाहेर बोलावलं. "काका, त्यांनी प्यायलाच हवं. दोन-चार दिवस बघू. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल."

लोकांच्या भिंती फोडून नळ्या घालण्यात ज्याचे केस पिकले, त्याला ही एक नळी नको होती.

त्याने डोकं चालवलं, पण डोकं प्लंबरचं. प्रवाह अडतोय ना, मग नळी रुंद करा. दुकानातून चांगली बोटभर रुंद, पारदर्शक नळी आणली, उकळून घेतली आणि पातळ चहात बुडवून बायकोच्या ओठांना लावली. चहाचा वास आल्याबरोबर तिने आनंदाने ओढलं. तोंडभर चहा एकदम आत गेला. तिचा चेहरा लालभडक झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लेक धावत आली, आईला पुढे वाकवून धरलं. ठसका थांबला तेव्हा ती बापाकडे वळली.

"बाबा, हे घर आहे. टाकी भरताय का?"

बायको त्याच्याकडे रागाने बघत नव्हती, हेच त्याला जास्त लागलं. ती घाबरली होती, आणि तिला घाबरवणारा तो होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमला काहीही न लपवता सगळं सांगितलं. ती चिडली, चिडणारच. मग म्हणाली, "काका, त्यांना जास्त नको आहे. थोडं हवंय. एका वेळी चमच्याहून कमी."

थोडं हवंय. इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक त्याला भेटलंच नव्हतं.

आता त्याने उलटं मोजायला घेतलं. नळी बारीक हवी, म्हणजे घोट लहान. पण बारीक नळीतून ओढायला जोर लागतो, आणि तो तिच्याकडे नाही. म्हणून नळी आखूड केली आणि कप तिच्या हनुवटीपर्यंत उचलून धरायचं ठरवलं. राहिली एकच अडचण. ती दम घ्यायला थांबली की चहा खाली उतरणार, मग पुन्हा पहिल्यापासून ओढा. विहिरीवरच्या पंपाला यासाठी तळाशी झडप असते; पाणी वर जाऊ देते, मागे येऊ देत नाही. माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्याकडे त्याला तशीच नखाएवढी झडप मिळाली. ती त्याने बाळाच्या बाटलीसारखी उकळली, पण मॅडम येईपर्यंत कपाला हात लावला नाही.

मॅडमने नळी उलटसुलट करून पाहिली, स्वतः ओढून बघितली. "चालेल. पण चहात थोडी पावडर घालायची, आणि पहिल्यांदा मी सांगेन तसंच."

चहा खिरीपेक्षाही पातळ ठेवला होता. प्लंबरने कप उचलून धरला. बायकोने नळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो ठसका विसरली नव्हती. तरी तिने ओठ उघडले.

चहा नळीत चढला. ती थांबली, चहाही थांबला, उतरला नाही. पुन्हा ओढलं. मॅडमची बोटं तिच्या गळ्यावर होती. गळा हलला. सगळे ठसक्याची वाट बघत राहिले आणि तो आलाच नाही.

बायकोने नळी ओठांतून काढली. काहीतरी जुळवत होती. एकेक शब्द ओढून वर आणल्यासारखा आला.

"अहो... प्रेशर... कमी आहे."

लेक तोंड दाबून हसायला लागली. प्लंबरने कप दोन्ही हातांनी धरला होता. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"वरच्या मजल्यावर एवढंच येतं," तो म्हणाला, आणि नळी पुन्हा तिच्या ओठांजवळ नेली.