पाणचक्कीच्या वळणावरची शिट्टी

आमची रेल्वे हेव्यातून जन्मली, हे मास्तरीणबाईंनी फलकावर लिहिलेलं नाही. शेजारच्या दरीत गाडी आली म्हणून आमच्या आजोबा मंडळींच्या पोटात दुखलं, आणि त्यांनी जंगलातलं लाकूड, चांगली कुरणं, एवढंच काय, चर्चच्या नव्या घंटेसाठी जमवलेले पैसेसुद्धा घालून हे अरुंद रूळ टाकून घेतले. मग शेवटचं स्टेशन आमच्या गावात की वरच्या गावात, यावरून अशी जुंपली की शेवटी ते दोन्हींच्या मधे, कुणाचीच सोय होणार नाही अशा माळावर बांधलं. गाडी आमच्या घरांखालून न थांबता पुढे जाते आणि आम्ही बर्फ तुडवत मागे चालत येतो. वाटेत मी आजोबांना शिव्या घालते. पण मनातून मला त्यांचं पटतं. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे का नाही, हा प्रश्न आमच्याकडे दुधाबरोबरच पाजतात.

यंदा रेल्वेची शताब्दी. निवृत्त मास्तरीणबाई हेडविगनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून विचारून रेल्वेचा इतिहास लिहिला आणि स्टेशनात फलक लावले. पहिल्यावर रूळ टाकणारे इटालियन मजूर, दुसऱ्यावर लाकडाचे ओंडके, मग दुधाचे कॅन, मग कडा कोसळून डबा नदीत गेला तो हिवाळा, आणि त्यानंतर आमच्या घराखाली रुळांवर बांधलेलं काँक्रीटचं छप्पर. शेवटच्या फलकावर माझा नवरा. कॉर्बिनियन, इंजिनातून बाहेर वाकलेला, तोंडभर हसणारा. खाली लिहिलेलं: ‘संध्याकाळची गाडी पाणचक्कीच्या वळणावर येताच चालक शिट्टी देई, आणि फिलोमेना सज्जातून हात हलवी.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या काळी प्रत्येक चालकाची आपापली शिट्टी असे, आणि ती त्याच्या बायकोची असे. ती ऐकली की बायकोने समजायचं, धनी आले. कॉर्बिनियनची एक लांब, दोन आखूड. ती ऐकू आली की मी शिळ्या पावाचे गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे. तो स्टेशनातून चालत येऊन बूट काढेपर्यंत गोळे बरोबर शिजायचे. लवकर सोडले तर विरघळतात, उशिरा सोडले तर आत कच्चे राहतात. माझे गोळे कधी बिघडले नाहीत. गावात बायका म्हणायच्या, बुर्गाच्या हाताला घड्याळ आहे. माझ्या हाताला घड्याळ नव्हतं, माझ्या नवऱ्याचं माझ्यावर प्रेम होतं. आणि आता हे प्रेम फिलोमेनाच्या नावावर भिंतीला टांगलं होतं.

“बाई, हे कुणी सांगितलं तुम्हाला?” मी विचारलं.

“सगळ्यांनीच. खुद्द फिलोमेनाही हो म्हणाली. किती गोड आठवण आहे ना?”

“गोड खाऊन माझे दात पडले,” मी म्हटलं आणि निघाले.

फिलोमेना म्हणजे मेना. पाणचक्कीवर राहणारी, तरुणपणीच नवरा गेलेली, माझ्याहून उंच, आणि म्हातारपणीही केस दाट. त्या केसांचा मला पहिल्यापासून राग. तिच्या दाराशी गाडी दुधाचे कॅन चढवायला थांबे, तेवढ्या वेळात दोघं बोलत, हे मला माहीत होतं. दुधावर बोलत असतील, असं मी धरून चालले होते. माझ्यासारखी भोळी बाई दरीत दुसरी नसेल.

शताब्दीच्या सणासाठी जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त केलेलं. ते चालवणार होता कॉर्बिनियनचा पुतण्या रूपर्ट. मी त्याला गाठलं.

“उद्या तालीम आहे ना तुझी? मग छपरातून बाहेर पडताना, बरोबर आपल्या घराखाली शिट्टी दे. एक लांब, दोन आखूड. तुझा काका तिथेच द्यायचा. आणि वळणावर अगदी गप्प राहायचं.”

“कशाला पण, काकू?”

“मास्तरीणबाईंना घरी बोलावून ऐकवणार आहे. आधी मला खात्री करू दे.”

“काका जाऊन इतकी वर्षं झाली. आता कुणाशी भांडताय?”

“फलकाशी,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पूर्वीसारखीच तयारी केली. खिडक्या बंद, चुलीवर पातेलं, पाटावर गोळे. हेडविगबाईंना बोलावलं नाही ते बरं झालं. पाणी उकळत राहिलं आणि काहीच ऐकू आलं नाही. शेवटी रूपर्टच घाम पुसत दारात उभा राहिला.

“ऐकलंत?”

“तू वाजवलीच नाहीस.”

“दोनदा वाजवली काकू. पुढे घराखालचा खडक आडवा येतो ना, मागे छप्पर. आवाज सरळ नदीत जात असणार.”

“काका वाजवायचा तेव्हा नाही गेला नदीत?”

परतीच्या खेपेनंतर पुन्हा वर येताना वळणावर वाजवून बघतो म्हणाला. मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

आणि मग ती आली. एक लांब, दोन आखूड. पलीकडच्या कड्याला लागून थेट माझ्या चुलीपाशी आली. माझा हात आपसूक गोळ्यांकडे गेला आणि तसाच थांबला. हीच. आयुष्यभर मी जिच्यावर स्वयंपाक केला ती हीच शिट्टी, आणि ती मेनाच्या सज्जाखाली वाजत होती. तो तिला हाक मारायचा, आणि मी उष्ट्या आवाजावर पाणी उकळत बसायचे. एवढा हेवा मला तिच्या केसांचाही कधी वाटला नव्हता. मी पातेलं उतरवलं, कोट चढवला आणि पाणचक्कीची वाट धरली.

मेना सज्जात वाटाणे सोलत होती. मला बघून हसली.

“ये बुर्गा. शिट्टी ऐकलीस? माझ्या कानठळ्या बसल्या. पूर्वी गाय दचकून लाथ मारायची, आता गाय नाही म्हणून मीच दचकले.”

“नाटकं पुरे कर,” मी म्हटलं. “किती वर्षं चाललं होतं?”

“काय चाललं होतं?”

“माझा नवरा तुझ्या दाराशी शिट्ट्या मारत होता ते.”

तिने वाटाण्याचं ताट खाली ठेवलं. मग हसायलाच लागली. मला वाटलं, ताट उचलावं आणि तिच्या त्या दाट केसांत रिकामं करावं.

“अगं वेडे, ती तुझीच होती,” ती म्हणाली. “मीच सांगितलं त्याला इथून वाजवायला. तुमचं लग्न झालं त्या पहिल्या हिवाळ्यात तो तुझ्या घराखाली जीव तोडून वाजवायचा, आणि तुला काही ऐकू यायचं नाही. छप्पर नवं होतं ना, कुणाला माहीत आवाज कुठे जातो ते. मी म्हटलं, या वळणावरून समोरच्या कड्यावर मार. माझी आई इथून ओरडून तुमच्या आळीतल्या बायकांना बोलवायची. मग तसं करायला लागला.”

मी बाकावर बसले. तो पहिला हिवाळा मला आठवत होता. शिट्टी नव्हती आणि गोळे नीट होत नव्हते. मग दोन्ही एकदमच जमायला लागलं. मला वाटलं होतं, माझा हात बसला आणि त्याचा जीव जडला.

“मग बाईंना खरं का नाही सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं, शिट्टी तुमच्या घराखाली वाजायची का. वाजायची. विचारलं, तुम्ही हात हलवायचा का. हलवायचे.” तिने पुन्हा एक शेंग हातात घेतली, पण सोलली नाही. “संध्याकाळी कुणीतरी घरी चाललंय आणि कुणीतरी वाट बघतंय, हे इथून ऐकू यायचं. मला वाट बघायला कुणी नव्हतं. मग निदान हात तरी हलवायचे. उद्या जाऊन फलक बदलून घे, मी काही म्हणणार नाही.”

म्हणजे शिट्टी माझी होती. मी जिंकले होते. एवढ्यावर उठून घरी जायचं होतं. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला.

“मेना, मला ऐकू येत नाही हे तुला कसं कळलं?”

“त्यानेच सांगितलं.”

“पण का सांगितलं?”

मी तिच्या हातातली शेंग काढून घेतली.

“सांग.”

“तुझे गोळे बिघडायचे म्हणून,” मेना हळूच म्हणाली. “कॅन चढवताना एकदा गाऱ्हाणं केलं त्याने. मी म्हटलं, तिलाच सांग ना. तर म्हणाला, तिला सांगायची छाती होत नाही. माहेरी कुणीतरी तुझ्या पावाला नाव ठेवलं होतं, तर तू आठवडाभर कुणाशी बोलली नव्हतीस म्हणे.”

खालून रूपर्टची गाडी परत दरीत उतरत होती. आता तो शिट्टी वाजवत नव्हता. आमच्या संसारात कॉर्बिनियनने माझ्या जेवणाबद्दल ‘छान झालंय’ याखेरीज एक शब्द उच्चारला नव्हता. मी तो मोठेपणा समजून सगळ्या गावात सांगत फिरले होते. आणि खरं जे बोलायचं होतं, ते तो इथे, दुधाच्या कॅनपाशी बोलून मोकळा झाला होता.

“फलक राहू दे तसाच,” मी म्हटलं. “शिट्ट्या सगळ्या तू घे.”

“असं काय करतेस गं?”

“मला एवढंच सांग. तो काय म्हणाला होता, गोळे कसे झाले होते?”

मेनाने आधी मान हलवून नाही म्हटलं. मी हलले नाही.

“चिखल,” ती म्हणाली. “चिखल म्हणाला.”

माझ्या नवऱ्याने माझ्या हाताला ठेवलेलं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही मेनाच्या तोंडून.