घुबडापुढे घेतलेलं नाव

चार वर्षांच्या शरयूचा खोकला बारा दिवस झाले तरी हटेना. आणि टेंभुर्णीच्या त्या घरात औषधाऐवजी चर्चा घुबडाची! धान्याच्या बळदावर त्याने घरटं केलं होतं.

"त्यानं पोरीचं नाव ऐकलंय. आता ते रोज नाव घेईल, तशी पोर झिजत जाईल," आजी दुर्गाबाईंनी सांगून टाकलं. तेव्हापासून सगळे शरयूला नुसतं 'पोरी' म्हणत. उद्या घरट्याला धुरी द्यायचं ठरलं. शरयूची आई उमा पुण्याच्या कॉलेजात शिकलेली. पण तीही गप्प राहिली. न जाणो, खरं निघालं तर?

दुपारी जगन्नाथ मास्तर आले. जिवंत प्राणी घरोघरी नेऊन ते बायामुलांना त्यांची ओळख करून देत. आज हातावर पांढऱ्या तोंडाचं घुबड होतं.

"बाहेर न्या ती अवदसा!" दुर्गाबाई ओरडल्या.

"नेतो, काकू. आधी सगळ्यांनी डोळे मिटा, अन् हे कधी उडालं ते सांगा."

उमाने डोळे मिटले, जीव कानात आणला. काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले, तर घुबड समोरच्या खुंटीवर!

"पंखाची कड कापसावानी मऊ. उंदराला चाहूलच लागत न्हाई. अन् तोंड सुपावानी पसरट, बारीक खुडखुड बी गोळा करून कानात टाकतं." मास्तरांनी बळदाखालची, घुबडाने ओकून टाकलेली एक करडी गोळी उचलून फोडली. आत उंदराची कवटी. "मागचा प्लेग ह्या उंदरांनी आणला, काकू. घुबडानं न्हाई."

तेवढ्यात शरयू पुढे धावली. "घुबडा, माझं नाव शरयू!"

घुबड चिरकलं.

"घेतलं गं बाई नाव!" दुर्गाबाई कळवळल्या. उमाने झडप घालून पोरीला छातीशी धरलं. अंग कालच्याहून जास्त फणफणलं होतं!

"कधीपासून ताप?" मास्तरांनी विचारलं.

"चार दिवस."

"चार दिवस तुम्ही बळदाकडं बघून राह्यलात, वहिनी! पोरीच्या छातीला कान कोनी लावला?"

 उमा ताडकन उठली.

"सासूबाई, धुरी द्यायची नाही. गाडी जुंपायला सांगा. मी शरयूला जालन्याला डॉक्टरकडे नेते."

"अगं, नाव नको घेऊ त्याच्या म्होरं!"

"घेणार! शरयू, चल बाळ."

दुर्गाबाई नातीच्या धपापणाऱ्या छातीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खुंटीवरची घोंगडी ओढली. "वाऱ्यात उघडी नको नेऊस. थांब, मी बी येते."

"फुप्फुसाला सूज आहे. पण वेळेवर आणलंत. अजून दोन दिवस थांबला असतात तर!" जालन्यात छाती तपासून डॉक्टर म्हणाले. पुढचं त्यांनी बोलायची गरजच नव्हती.

मुक्या पाखरावर खापर फोडलं की आपल्याला काही केल्यासारखं वाटतं. आजार मात्र थांबत नाही. आणि ज्याला हे कळतं, त्याने घरात गप्प बसू नये!