ट्रिपचा कुर्ता

अक्षदा दुकानाच्या पायरीवर चपला काढत होती, तेव्हा आत पडद्याआड कुणीतरी कुर्त्यात अडकलं होतं. पडद्याखालून दोन भेगाळलेल्या टाचा आणि परकराचा काठ दिसत होता. वर दोन हात हवेत होते, आणि आवाज कापडाच्या आतून येत होता.

“दर्शना, अगं डोकंच निघंना. गळा शिवलायस का बाटलीचं तोंड?”

“मावशी, टिचबटणं उघडा आधी. उजवीकडची. किती वेळा सांगू?”

दुकान म्हणजे डोंबिवलीजवळच्या कोपरमधल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची खोली. जमीन कधीकाळी दर्शनाच्या सासऱ्यांची होती, इमारत बिल्डरने बांधली आणि ही खोली तिच्या वाट्याला आली. बाहेर पाटी नव्हती. दारावरच्या दोरीला टांगलेले गाऊन आणि परकर हीच पाटी. मॉलमधल्या बारीक कमरेच्या पुतळ्यांपुढून मान खाली घालून निघून आलेल्या, स्टेशनजवळच्या दुकानांत ‘आंटी, तुमच्यात नाही येणार’ ऐकून परत फिरलेल्या बायका शेवटी इथे यायच्या. इथे कुर्ता दंडात सैल मिळे, पोटाला चिकटत नसे, आणि कोणत्या मापाला काय म्हणतात हे कुणी मोठ्याने बोलत नसे.

आई इथूनच कपडे घ्यायची, एवढंच अक्षदाला माहीत होतं. ती स्वतः ठाण्याला राहायची आणि या दुकानात कधी आलेली नव्हती. काल आईच्या फोनवर मेसेज आला, ‘नयनताई, कुर्ता तयार आहे. ट्रिपच्या आधी घेऊन जा.’ आईचा फोन अजून तिने बंद केला नव्हता. रोज रात्री चार्जिंगला लावायची.

ती आज आईचं इथलं घर रिकामं करायला आली होती. आणि सांगायला. दोन वर्षं आईने तिला कुणाला काही सांगू दिलं नव्हतं. ना शेजाऱ्यांना, ना मंडळातल्या बायकांना. ‘कॅन्सर म्हटलं की लोक माणूस बघायला येत नाहीत, कॅन्सर बघायला येतात,’ असं म्हणायची. म्हणून ठाण्याच्या हॉस्पिटलातून ठाण्याच्याच स्मशानात तिला नेलं तेव्हा मोजून सहा माणसं होती. डोंबिवलीतलं एकही नाही. महिना उलटून गेला होता, आणि अक्षदाने ते वाक्य अजून एकदाही कुणापुढे नीट उच्चारलं नव्हतं. रिक्षातून येताना ती ते मनात म्हणून बघत होती. दोनच शब्दांचं वाक्य.

दर्शनाने मशीनवरून मान वर केली. पन्नाशीची बाई, ओठांत दोन टाचण्या, गळ्यात मापाची पट्टी. टाचण्या काढून ती म्हणाली, “नयनताईंची अक्षदा ना गं तू? हनुवटी तीच. बस बाय. त्या नाही आल्या?”

“आई गेली,” अक्षदा म्हणाली.

दर्शनाचा पाय मशीनच्या पायट्यावर होता, तिथेच राहिला.

“गेली?” पडद्याआडून आवाज आला. “बघ, मी म्हनलं नव्हतं? फोन उचलंना, दाराला कुलूप, म्हंजी बाई गिरनारला गेली असनार. आन् निघताना मला एका शब्दानं बोलली न्हाई. येऊ दे तिला परत.”

पडदा सरला. काळ्या-करड्या बुट्ट्यांचा कुर्ता घातलेली, सत्तरीकडे झुकलेली एक बाई विस्कटलेला अंबाडा सावरत बाहेर आली. कुर्त्याखाली अजून परकरच होता. अक्षदाला बघून तिचा चेहरा उजळला.

“अगंबाई, लेक व्हय? मी हौसाबाई. तुझ्या आईच्या मागच्या बिल्डिंगीतली. बोलली असंल ना माझ्याबद्दल?”

अक्षदाने मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही. वाक्य एकदा बोलून झालं होतं. पुन्हा बोलायला तोंड उघडत नव्हतं. ती दर्शनाकडे बघत राहिली. दर्शनाने नजर खाली घेतली आणि म्हणाली, “बस तू. पाणी देते.”

हौसाबाई आरशापुढे उभी राहून स्वतःला मागून-पुढून बघत होती. “पंचेचाळीस वर्षं डोंबिवलीत काढली, पन कल्यानच्या पुढं माझी मजल खडवलीपातूर. थोरलीचं सासर तिथं. अंगावर कायम साडी. आन् आता बघ. परवा रामेश्वर. मंडळाच्या बाया, पंधरा जनी. धाकट्यानं इचारलं, आई, या वयात ड्रेस? म्हनलं, नयनताई घालती की. गावात साडी, ट्रिपला कुर्ता. तिच्यात काय कमी हाय?”

“मावशी, हात वर करा. काखेत बघते,” दर्शना म्हणाली.

हौसाबाईने हात वर केला, पण बोलणं थांबवलं नाही. “रामेश्वरचं सगळं तुझ्या आईनंच सांगितलं मला. हितंच बसून, ह्या स्टुलावर. बावीस कुंडं हायेत, परत्येकाचं पानी डोक्यावर घ्यायचं. नखशिखांत भिजायचं आन् तसंच वल्या अंगानं फुडं चालायचं. म्हनली, हौसा, तीन कुर्ते लागले गं मला एका दिवसात. थंडीनं दात वाजत हुते. पन बाहेर आले तवा अंग असं हलकं झालं, जसं काय माझं न्हवंच.”

अक्षदाने पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला.

ते मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरमधलं होतं. तिसऱ्या केमोनंतरचा ताप. रात्रीतून तीनदा घामाने चिंब झालेला कुर्ता तिने बदलला होता, चादर बदलली होती, आणि आई खरंच थंडीने कुडकुडत होती. पहाटे ताप उतरला तेव्हा तिच्याकडे बघून आई हसली होती. “हलकं वाटतंय,” म्हणाली होती.

“आन् तिरुपतीचं तर काय इचारू नगंस,” हौसाबाई म्हणाली. “केस देऊन आली. एवढे लांब केस. डोक्याला रुमाल बांधून हितं उभी राहिली तवा मी तिला वळखलंच न्हाई. म्हनलं, बाई, कशापायी? तर म्हनती, मागितलंय काहीतरी, फुकट थोडंच मिळनार? परसादाचा लाडू आनला हुता सगळ्यांना. एकेक घास.”

लाडू अक्षदाने आणले होते. तिच्या ऑफिसातला एक जण तिरुपतीला निघाला होता, हे तिने घरी सहज सांगितलं, आणि आई हट्टाला पेटली. मला दोन लाडू पाहिजेत, मोठे. तोंड आल्यामुळे आईला तेव्हा वरणभातही गिळवत नव्हता. ‘कोण खाणार ते?’ म्हणून अक्षदा चिडली होती. आणि ते फोनवरचे व्हिडिओ. औषधाची बाटली चार-चार तास चालायची, तेवढा वेळ आई डोळे बारीक करून घाट, देवळं, धर्मशाळा बघत राहायची. पायऱ्या किती, सकाळी नाश्त्याला काय देतात, स्टेशनपासून रिक्षा मिळते का. ‘आई, पडून राहा ना जरा,’ असं म्हणून अक्षदाने एकदा फोन हातातून काढून घेतला होता. आईने कूस बदलली होती.

दर एकवीस दिवसांनी आई बॅग भरून ठाण्याला यायची. सहा-सात दिवस राहायची. न्यायला आलेली गाडी इमारतीच्या फाटकाशी येऊ द्यायची नाही, नाक्यावर उभी करायला लावायची. लोकांनी विचारू नये म्हणून, असं अक्षदाला वाटायचं. आता तिला दिसलं, आई बॅग ओढत नाक्यापर्यंत चालत जाते आहे, आणि हौसाबाई गॅलरीतून हात हलवते आहे.

“हे बघ, ह्ये पन तुझ्या आईचंच डोकं,” हौसाबाईने कुर्त्याच्या गळ्याशी बोट ठेवलं. गळ्यापासून उजव्या काखेकडे तिरकी पट्टी गेली होती आणि तिच्यावर चार टिचबटणं होती. तिने टकटक करून ती उघडली. आत छातीशी छोटा खिसा होता. “साडीत कसं, पाकीट पोलक्यात खोचता येतं. ड्रेसात कुठं ठिवायचं? तर ही चोरखिशाची आयडिया तिची. आता कोपरमदल्या सगळ्या बायांना ट्रिपला असाच लागतो. बिनबटनाचा कुनी घेतच न्हाई. व्हय का न्हाई, दर्शना?”

“आठ शिवले दिवाळीपासून,” दर्शना म्हणाली. तिने हौसाबाईच्या दंडाजवळ टाचणी लावली, ती नीट बसली नाही म्हणून काढली, पुन्हा लावली.

अक्षदा त्या उघड्या पट्टीकडे बघत होती. त्याच जागी, गळ्याच्या हाडाखाली, आईच्या कातडीखाली औषध सोडायची रुपयाएवढी डबी बसवलेली होती. नर्स यायची, आई स्वतःच चार बटणं उघडायची आणि मान डावीकडे वळवायची. डबीत सुई जायची. बटणांचा तो आवाज अक्षदाला पाठ होता.

“मग?” हौसाबाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. तिचे डोळे चमकत होते. “गिरनार कसा काय झाला? धा हजार पायऱ्या हायेत म्हनं. मी तिला म्हनलं हुतं, डोली कर. तर म्हनली, पाय हायेत तवर डोली न्हाई.”

आता सांगता आलं असतं. समोर बाई बसली होती, आपल्याकडे तोंड करून, ऐकायला तयार. परवा सकाळी ती पंधरा जणींबरोबर गाडीत बसणार होती, पहिल्यांदा, दुसऱ्या बाईचं बघून. अक्षदाने पेला खाली ठेवला.

“बऱ्याच चढली,” ती म्हणाली. “स्वतःच्या पायांनी. शेवटी मात्र डोली करावी लागली.”

“म्हनलं नव्हतं? किती मानसं?”

“चार.”

“चार?” हौसाबाई हसली. “अगं, नयनताई म्हंजी पाखरू. दोघं पुष्कळ झाली असती. फसवलं तुम्हाला त्यांनी.”

“पद्धत असते,” अक्षदा म्हणाली. “चारच लागतात.”

दर्शनाच्या हातातली कात्री मशीनवर ठेवली गेली. आवाज न करता.

“असंल बाई. देवाचं ठिकान,” हौसाबाई उठली, पडद्याआड गेली आणि साडी नेसता नेसता बोलत राहिली. गाडीत वरचा बर्थ मिळाला तर काय करायचं, पोटासाठी ओवा घेऊ की सुंठ. अक्षदाने ओवा सांगितला. आई सुंठ न्यायची, असं हौसाबाई म्हणाली. मग दोन्ही घ्या, असं अक्षदा म्हणाली.

बाहेर येऊन हौसाबाईने पिशवी काखेत मारली. पायरीवर चपला घालताना ती मागे वळली.

“आली की सांग तिला. म्हनावं, हौसा पन गेली.”

“सांगते,” अक्षदा म्हणाली.

गल्लीतून हौसाबाईचा आवाज बराच वेळ येत राहिला. ती वाटेत भेटेल त्याला परवाचं सांगत होती.

दर्शना उठली. दारावरच्या दोरीचे गाऊन तिने मधोमध सरकवले, रस्त्यावरून आतलं दिसेना इतके. मग मागच्या कपाटातून निळसर राखाडी मऊ सुती कुर्ता काढला आणि अक्षदाच्या मांडीवर ठेवला. गळ्याशी तीच तिरकी पट्टी, चार टिचबटणं. अक्षदाने एकावर अंगठा दाबला. टक.

“उघडून बघ,” दर्शना म्हणाली.

अक्षदाने चारही उघडली. आत काही नव्हतं. सरळ कापडाची कड, बारीक हाताने दुमडलेली.

“बाकी सगळ्यांना मी आतून चोरखिसा लावते,” दर्शना म्हणाली. “तुझ्या आईनं एकदाही लावून घेतला नाही. पहिल्या वेळेला मी विचारलं, ताई, मग बटणं कशाला? म्हणाली, तू शिव गं, खिशाचं बघू पुढच्या वेळी. पुढच्या वेळी माप घेतलं तर छातीला दोन इंच कमी. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. मग नाही विचारलं मी. ती स्टुलावर बसून रामेश्वरचं सांगायची, मी ऐकायची.”

अक्षदा कुर्त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

“हे कापड चांगलं आहे, टाकू नको. तुला बसेल. बाजूला थोडी माया सोडलीय, सैल करून देते.” दर्शनाने कुर्ता तिच्या हातातून हळूच काढून घेतला आणि चष्मा लावला. “बटणं काढून पट्टी बंद करते. तुला नाही लागायची ती.”

तिने टाके उसवायची सुई पहिल्या बटणाखाली सरकवली. दोरा तुटल्याचा बारीक आवाज झाला. दुसऱ्याखाली सरकवली.

“अठरा तारखेला,” अक्षदा म्हणाली. “पहाटे चारला.”

दर्शनाने मान हलवली. तिने सुई खाली ठेवली नाही, पण हात थांबवला आणि पुढचं ऐकायला थांबली.