वाइसमधली बोटं

हंबीररावानं अरिहंतची चार बोटं माझ्याच टेबलावरच्या वाइसमध्ये, लोखंडी शिकंज्यात, घातली आणि दांडा फिरवून जबडे आवळले. एवढ्यानंच अरिहंत वाकला. शेजारीच हंबीररावाची चेपलेली गाडी टेम्पोवरून उतरवून ठेवली होती. शिराळ्याच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना इंजिन जागीच अडकलं, मागून ट्रकनं ठोकलं, आणि ती चालवणारा हंबीररावाचा धाकटा भाऊ शिवतेज सांगलीला आयसीयूत पडला होता.

"इंजिन ह्यानंच बांधलं. कॅमशाफ्टचं बोल्ट ह्यानंच आवळलं," हंबीरराव म्हणाला. "चूक ह्याची निघाली तर ह्याचा हात ठेवत न्हाई."

पलूसला माझं गॅरेज आहे. अरिहंत दहा वर्षं माझ्या हाताखाली. त्या जुन्या इंजिनाला टर्बो त्यानंच बसवला, आणि असा हात मी जिल्ह्यात पाहिला नाही. मला राग आवरत नाही हे सगळ्या पलूसला ठाऊक आहे, पण हंबीररावाचे दोन पैलवान दारात उभे होते. मी म्हणालो, "आधी मला खोलून तर बघू द्या."

"बघ, केरबा मिस्त्री. पर खोटं बोलू नगंस."

मी इंजिनाचं वरचं कव्हर काढलं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मधोमध मोडून त्याचे दोन तुकडे झाले होते. बोल्ट एकेक तपासले, सगळे मापात आवळलेले होते. अरिहंतची चूक नव्हती! मला इतकं बरं वाटलं की हसूच यायला लागलं. मग तुकडे काढून, कॅमशाफ्ट जिच्यावर फिरतो ती मोडल्या जागेशेजारची बैठक पाहिली. जळून काळीनिळी झाली होती, म्हणजे तिथं तेलच पोचलं नव्हतं. बैठकीच्या तेलाच्या भोकात तार घातली, तर टोकाला एक दाणा आला. तेलानं काळा पडलेला, पण तांदळाचाच.

खंडेनवमीला हे इंजिन असंच उघडं होतं, कॅमशाफ्ट अजून बसायचा होता. हत्यारांबरोबर त्याचीही पूजा मी केली आणि वर मूठभर अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी अरिहंत हवेचा पाइप घेऊन आला, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली. "देवाच्या अक्षता हवेनं उडवतोस व्हय रं?" बिचाऱ्यानं दाणे हातानं वेचले.

तो दाणा मी मुठीत धरला. बोललो तर वाइसमध्ये माझी बोटं जाणार. मला भीती वाटली, सरळ सांगतो.

"गप का झालास? म्हंजी चूक ह्याचीच," हंबीरराव म्हणाला आणि त्यानं दांड्यावर सगळं अंग टाकलं.

हाडं मोडलेली ऐकू आली. अरिहंत किंचाळला आणि माझं डोकं फिरलं. कॅमशाफ्टचा मोडका तुकडा उचलून मी हंबीररावाच्या तोंडावर हाणला. त्याचे दात पडले, रक्त माझ्या शर्टावर उडालं. तो खाली बसला तरी मी हाणतच राहिलो. शेवटी पैलवानांनी मला ओढून पाडलं आणि बरगड्यांत लाथा घातल्या. माझी मूठ उघडली आणि दाणा अरिहंतच्या पायाशी पडला.

त्याचा हात अजून वाइसमध्येच होता. त्यानं दाण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"त्यास्नी कशाला मारताय, काका?" तो म्हणाला. "हवा मारू द्या म्हणलं हुतं मी."