चीर मिटू नये म्हणून

"धरलीस का?" मशीनच्या करवतीच्या आवाजावर आवाज चढवून सुताराने विचारले.

"धरली, बाबा!" टेबलापलीकडून मुलगी ओरडली.

त्याने फळी पुढे रेटली. बायको गेल्यापासून घरात त्याचे बूड टेकत नव्हते. चहा अर्धा टाकून तो कारखान्यात येई, आणि इथे उगाच फळ्या इकडच्या तिकडे करत राही. फळी चिरताना पलीकडचे टोक धरायला इतकी वर्षे बायकोच असायची. आज माहेरी आलेली मुलगी म्हणाली, मी धरते.

तिने अगदी जीव लावून धरले. चिरलेले दोन भाग फाकताहेत असे वाटून तिने ते जुळवून घट्ट दाबले. चीर मिटली, फिरते पाते त्यात आवळले गेले आणि फळी तिच्या हातांतून निसटून उलटी बापावर आली. त्याच्या कुशीला घासून उघड्या दाराच्या चौकटीवर आदळली.

त्याने मशीन बंद केले. मुलगी पांढरीफटक पडली होती.

"लागलं?"

"सदरा फाटला. अगं, मिटवतेस काय? आई तुझी दोन्ही भाग फाकवून धरायची."

"मला काय स्वप्न पडलं होतं? आणि पात्यावरचं झाकण कुठंय?"

"आहे माळ्यावर. मागच्या पट्टीसकट."

"ती पट्टी कशाला असते?"

"चीर मिटू नये म्हणून," तो पुटपुटला.

"मग लावली का नाहीत?"

"तुझी आई होती ना. आता तू शीक."

"मी परवा माझ्या घरी जाणार. आणि राहिले तरी मी आई नाही, बाबा. आज कुशीला घासली, उद्या पोटात घुसेल. मग मी येऊ कोणाकडे?"

"मोठी आली शिकवणारी!" तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. पट्टी बसवली की पलीकडे माणूस लागत नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तर ती माळ्यावरून उतरली नव्हती.

शेवटी त्याने शिडी लावली. पट्टी पात्याच्या मागे, सरळ रेषेत बसवली, वर झाकण चढवले. मुलीला बाजूला उभे केले. शेवटची वीतभर फळी हाताऐवजी काठीने ढकलली. दोन भाग पट्टीच्या दोन बाजूंनी सरकत गेले आणि पलीकडे धाडकन जमिनीवर पडले.

पाते थांबल्यावर तो फळीचे भाग उचलायला टेबलाला वळसा घालून गेला. त्या बाजूला तो कधी उभा राहिला नव्हता. त्याने मान वर केली. मुलगी आता त्याच्या जागेवर उभी होती, पण तिच्या पाठीमागच्या दारातून उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत येत होती. तिचा चेहरा दिसेना. बायको बाकी सगळ्यावरून कुरकुर करायची. हे तिने कधी सांगितले नव्हते.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. इथं ऊन येतं."