एक दिवा, एवढंच माझं तोंड

मी गाडी आहे आणि आज जरा मोकळेपणानं बोलतेय. एरवी जन्मभर मला तोंड म्हणून काय मिळालं? स्टिअरिंगच्या मागे, काचेखाली, एक पिवळा दिवा. पोटात दुखलं की तो लावायचा, बस्स. कुठं दुखतंय, किती दुखतंय, घाबरण्यासारखं आहे की नाही, यातलं एक अक्षर मला सांगता येत नाही. आणि माणसांची तऱ्हा अशी, की दुखणं राहिलं तरी चालेल, पण तो मेला दिवा तेवढा विझला पाहिजे.

माझा पहिला मालक औषधं विकत गावोगाव फिरायचा. त्यानं मला पळवून पळवून अर्धी करून टाकली आणि विकली. मग हिल्मार गावच्या आमारोनं मला घरी आणलं. आमारो दुसऱ्याच्या गोठ्यावर गाई सांभाळायचा. पोर्तुगालच्या बेटांवरून आलेला कष्टाळू माणूस. त्याच्या बुटांचा वास माझ्या गालिच्यातून अजून गेलेला नाही.

आमारो गेला तेव्हा त्याची बायको ओदीलिया साठीच्या पुढं होती आणि तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मुलगी नतालिया सॅक्रामेंटोहून आली आणि म्हणाली, "आई, घर विकून टाकू. तू माझ्याकडं चल." ओदीलियानं खुंटीवरची माझी चावी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मला कालव्याकाठच्या मातीच्या रस्त्यावर घेऊन गेली आणि शिकायला लागली. मी शेजाऱ्याची टपालपेटी आडवी केली, एक कुंपण मोडलं. पण बाई शिकली! दुकान, चर्च, आमारोची कबर, मैत्रिणींकडची पत्त्यांची बैठक, वर्षानुवर्षं सगळीकडं आम्ही दोघी. जायचं मात्र बदामाच्या बागांमधून, हळूहळू. हायवेचं नाव काढलं की ती कानाला हात लावायची.

"ही गाडी आहे तोवर मी माझ्या घरात आहे," असं ती फोनवर नतालियाला ठणकावून सांगायची. ते ऐकून मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची.

आमच्या कॅलिफोर्नियात जुन्या गाडीची दर दोन वर्षांनी धुराची परीक्षा होते. पास झाली तर नंबरप्लेटवर नवा स्टिकर, नाहीतर गाडी दारात उभी. यंदा परीक्षा तोंडावर आली आणि माझा दिवा लागला. खरं सांगते, माझा धूर स्वच्छ करणारा डबा वयानं जळून गेला होता. त्यात माझा काय दोष?

शेजारचा लिनो धावत आला. आमारोचा जुना दोस्त, मनानं सोनं, हातानं उतावळा. "वहिनी, काळजी सोडा," म्हणाला. त्यानं माझ्या बॅटरीची वायर काढली, ओदीलियानं दिलेल्या कॉफीत गोड पाव बुडवून निवांत खाल्ला आणि वायर परत लावली. दिवा विझलेला! "बघा, झाली की नाही बरी?"

बरी कसली, कपाळ! बोलणाऱ्याचं तोंड दाबलं म्हणजे दुखणं जातं होय? वायरीबरोबर माझी सगळी आठवणच पुसली गेली होती.

तपासणीच्या दुकानात निनोस नावाचा तरुण असतो, त्याचे आईवडील इराकमधून आलेले. त्यानं स्टिअरिंगखाली केबल खोचली, पडद्यावर पाहिलं आणि मान हलवली. "आजी, नापास."

"का रे बाबा? दिवा तर बंद आहे!"

"दिवा बंद आहे, पण गाडीला काही आठवतच नाहीये. कुणी बॅटरी काढली होती का?"

लिनो आभाळाकडं बघायला लागला.

निनोस हसला. "आजी, ही गाडी चालता चालता स्वतःला तपासते. ते पुरं झाल्याशिवाय मला काही सांगत नाही. हिला हायवेवर न्या. एका वेगात, मध्ये न थांबता. चार-पाच सकाळी."

"बागेतल्या रस्त्यानं नेली तर?"

"नाही चालायचं, आजी."

ओदीलियानं कानाला हात लावला, तरी चावी उचलली.

पहिल्या सकाळी लिनो शेजारी बसला. नव्व्याण्णव नंबरच्या हायवेवर टोमॅटोचे ट्रक धडधडत चाललेले. "वहिनी, मागं बघू नका, पुढं बघा."

"मागं नको बघू तर मरू का? गप बस!" तिनं देवमातेचा धावा सुरू केला. मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या घालत होते, आणि तिची पकड इतकी घट्ट की माझं स्टिअरिंग घामानं ओलं झालं. घरी आल्यावर ती बराच वेळ माझ्यातून उतरलीच नाही.

पण दुसऱ्या दिवशी परत निघाली. तिसऱ्या दिवशी खांदे जरा सैल पडले. आणि मग एका सकाळी पुढं गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रक रखडत चालला होता. ओदीलियानं आरशात पाहिलं, सिग्नल दिला आणि त्याला मागं टाकलं! "लिनो, बघितलंस? मी मागं टाकलं त्याला!" अशी खळखळून हसली की आमारो गेल्यानंतर मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

नेमकी तेव्हाच माझी तपासणी त्या जळक्या डब्यापाशी येऊन ठेपली होती. मी मनात म्हटलं, आत्ता नको गं बाई, आत्ता नको. पण मला खोटं बोलता येत नाही, तशी घडणच नाही. दिवा लागला.

तिचं हसू तिथंच थांबलं. पुढच्याच फाट्यावरून तिनं मला घराकडं वळवलं.

अंगणात लिनो हळूच म्हणाला, "परत काढू का वायर?"

"आणि मग?"

"मग परत हायवे."

"आणि मग परत दिवा," ओदीलिया म्हणाली. लिनोनं टोपी काढून डोकं खाजवलं. तोंड मिटलं तरी मी नापास, उघडलं तरी नापास. इकडं आड, तिकडं विहीर. नवा डबा घालायचा तर त्याची किंमत माझ्याहून जास्त, असं निनोसनं फार मऊ आवाजात सांगितलं.

रविवारी नतालिया आली. "आई, आता तरी ऐक."

"अगं, मी हायवेवर चालवली! ट्रकला मागं टाकलं!" ओदीलियाला वाटलं, हे ऐकून लेक खूश होईल.

नतालियाचा चेहरा पांढरा पडला. "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी? हायवेवर? आई, म्हणूनच तर मला झोप लागत नाही." मग तिनं आईला मिठी मारली आणि रडली. तिचंही काय चुकलं? घरासमोर 'विकणे आहे' अशी पाटी लागली.

धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्या सरकार पैसे देऊन मोडीत घेतं. पण एक अट आहे. मेलेली गाडी त्यांना चालत नाही, तिला आपल्या चाकांनी यावं लागतं आणि त्यांच्या देखत सुरू व्हावं लागतं. लिनो म्हणाला, मी नेतो. ओदीलिया म्हणाली, "माझी गाडी मीच नेणार." नतालिया मागून तिच्या गाडीत.

भंगारवाल्यांचा माणूस म्हणाला, "आजी, सुरू करा."

मी ठरवलं होतं, आज हट्ट करायचा. सुरू झालेच नाही तर घेणार नाहीत, ती मला परत घरी नेईल. मी जीव मुठीत धरला. तिनं चावी फिरवली आणि मी पहिल्या झटक्यात सुरू झाले. काय करू? तिच्या हाताला नाही म्हणायचं मला कधी जमलंच नाही.

"पुढं घ्या. आता मागं. दिवे. हॉर्न." सगळं चाललं.

"पास," तो म्हणाला.

"शाब्बास, बये!" ओदीलियाच्या तोंडून निघून गेलं. मग आपण काय बोललो ते तिला कळलं, आणि तिनं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. नतालियानं दार उघडून तिला हाताला धरून उतरवलं.

आता मी इथं मोडायच्या रांगेत उभी आहे. माझ्यापुढं थोड्याच गाड्या उरल्यात. स्वतःसाठी काही मागत नाही. नतालिया, एखाद्या सकाळी तुझ्या गाडीची चावी तिच्या हातात दे आणि तू शेजारी बस. ती चांगली चालवते गं. तुला हे कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते.